डेटाचा रतीब, सिनेमाचं भाडं

१ ऑगस्ट २०२५ रोजी आमिर खानने ‘सितारे जमीन पर’ हा आपला सिनेमा कुठल्याही ओटीटीला न देता थेट यूट्यूबवर आणला आणि भारतात त्याचं भाडं शंभर रुपये ठेवलं. त्यावर जी चर्चा झाली ती बहुतेक एकाच तुलनेची होती. मल्टिप्लेक्समध्ये चौघांच्या कुटुंबाला तिकिटं आणि पॉपकॉर्न मिळून जे हजार-दीड हजार पडतात, त्यापुढे शंभर रुपये म्हणजे काहीच नाही. तुलना चुकीची नव्हती, पण अर्धीच होती. थिएटरला जाण्याचा खर्च आपण मोजतो, रिक्षाचं भाडं आणि पार्किंगचे पैसे धरतो. सिनेमा मात्र ज्या वाटेने घरी येतो, त्या वाटेचा टोल कुणी धरत नाही. तो टोल रिचार्जच्या रकमेत आधीच भरलेला असतो, म्हणून तो फुकट वाटतो. ऑनलाइन सिनेमाचं खरं भाडं किती, हा प्रश्न त्यामुळे दिसतो तितका सरळ नाही. त्याचं उत्तर डेटा स्वस्त आहे की महाग यापेक्षा तो कोणत्या मापाने, किती दिवसांसाठी आणि कोणत्या अटीवर मिळतो यावर ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी सिनेमाचं वजन पाहू. नेटफ्लिक्सने स्वतः दिलेले आकडे इथे मापाला चांगले पडतात. सगळ्यात हलक्या दर्जाचं चित्र तासाला सुमारे ०.३ जीबी घेतं, मध्यम दर्जाचं ०.७, फुल एचडी तीनपर्यंत आणि ‘फोर के’ सातपर्यंत. नव्या पद्धतीच्या कॉम्प्रेशनमुळे एचडीचा आकडा पुष्कळदा खाली येतो, म्हणून आपण तासाला दोन जीबी धरू. कंपन्यांवर अन्याय नको. हिंदी सिनेमा साधारण अडीच तासांचा. म्हणजे तोच सिनेमा हलक्या दर्जात पाऊण जीबीचा, मध्यम दर्जात पावणेदोन जीबीचा आणि एचडीत पाच जीबीचा होतो. भाडं मात्र या तिन्ही पाहणाऱ्यांना शंभरच्या आसपासच.

आता डेटाचा भाव. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीनुसार मोबाइल कंपन्यांना एका जीबीमागे सरासरी मिळणारं उत्पन्न २०१४ मध्ये सुमारे २६९ रुपये होतं; २०१८ मध्ये ते ११ रुपये ७८ पैशांवर आलं. मधल्या काळात, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओ बाजारात उतरली होती. त्याच चार वर्षांत माणशी मासिक वापर पाव जीबीच्या आसपासहून साडेसात जीबीवर गेला. २०१४ च्या भावाने पाच जीबीचा सिनेमा बघायचा तर तेराशे चाळीस रुपयांहून अधिक नुसता डेटाच लागला असता. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांना झाला. महिन्याला ४२ जीबी, म्हणजे जीबीला सात रुपये आणि वर काही पैसे. या हिशेबाने एचडी सिनेमाचा टोल पस्तीस रुपये आणि मध्यम दर्जाच्या सिनेमाचा बारा-तेरा. इथेच वही मिटावी असं कुणालाही वाटेल. जगातल्या सर्वांत स्वस्त डेटाच्या देशांपैकी एकात राहून बारा रुपयांची तक्रार कसली करायची?

पण सरासरी ही फसवी चीज आहे. ४२ जीबी असं काही ग्राहकाच्या हातात कधी पडतच नाही. त्याला मिळतो रोजचा दीड जीबी, आणि रात्री बारा वाजता उरलेला डेटा जातो. हा साठा नव्हे, हा रतीब आहे. दुधाच्या रतिबाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. घरात पाहुणे आले की रोजचं दूध पुरत नाही आणि गावाला गेलं की वाया जातं. फरक एवढाच की दूधवाल्याला आपण ‘उद्यापासून चार दिवस नको’ म्हणून सांगू शकतो, आणि महिनाअखेरीला तो कॅलेंडरवरचे खाडे मोजून बिलातून वजा करतो. डेटाच्या रतिबात खाडा नाही. सोमवारी ते शनिवारी रोज अर्धाच जीबी वापरला, तरी वाचलेले सहा जीबी रविवारच्या सिनेमाला कामी येत नाहीत. रविवारी पुन्हा तोच दीड जीबी. म्हणजे एचडी सिनेमाला साडेतीन जीबी कमी पडतात, आणि ते जादा डेटाच्या दराने घ्यावे लागतात. त्याच दरवाढीनंतर जिओच्या पुरवणी पॅकचे भाव एका जीबीला १९ रुपये, दोन जीबींना २९ आणि सहा जीबींना ६९ असे होते. दोन जीबींचे दोन पॅक घ्या, अठ्ठावन्न रुपये झाले. शंभराचा सिनेमा एकशे अठ्ठावन्नला पडला, तेही आठवड्याभराचे सहा जीबी वाऱ्यावर सोडून दिल्यानंतर. रतिबात बसणाऱ्या सिनेमाला मात्र वेगळा एक पैसाही लागत नाही. म्हणजे प्रत्यक्षात टोल बारा रुपये नाही आणि पस्तीसही नाही. तो एक तर शून्य असतो, नाहीतर भाड्याच्या निम्म्याहून अधिक. मधला आकडा फक्त सरासरीत सापडतो.

रतीब संपल्यावर काय होतं तेही जवळून पाहण्यासारखं आहे. इंटरनेट बंद पडत नाही. वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ हा शब्द टिकतो तो याच जोरावर. या वेगाने एक जीबी यायला जवळजवळ पस्तीस तास लागतात. भाड्याच्या सिनेमाचं घड्याळही बघा. यूट्यूबवर आणि प्राइम व्हिडिओच्या भाड्याच्या दुकानात रीत साधारण एकच, भाडं भरल्यावर तीस दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा. म्हणजे मध्यंतरानंतरचा शेवटचा एक जीबी कुणी हट्टाने ६४ किलोबिटवर आणायचा म्हटलं, तर भाड्याची मुदत संपायला जेमतेम तेरा तास उरतील. उलट, अठ्ठेचाळीस तासांत मध्यरात्र दोनदा येते. ज्याने सिनेमा रात्री सुरू केला त्याला आजचा उरलेला, उद्याचा आणि परवाचा असे तीन रतीब वापरता येतात. मध्यम दर्जाचा पावणेदोन जीबीचा सिनेमा एका दिवसाच्या रतिबात बसत नाही, पण दोन दिवसांत आरामात बसतो. भाड्याची मुदत ठरवणाऱ्यांच्या मनात भारतीय डेटा पॅक नक्कीच नव्हते. हा निव्वळ योगायोग. पण तो ग्राहकाच्या बाजूचा आहे, आणि असे योगायोग या धंद्यात कमीच.

माप बदललं की हिशेब कसा बदलतो, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसतं. जानेवारी २००८ मध्ये अॅपलने आयट्यून्सवर सिनेमे भाड्याने द्यायला सुरुवात केली. जुना सिनेमा २.९९ डॉलर, नवा ३.९९, आणि एचडी हवा तर आणखी एक डॉलर. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून कॉमकास्ट या बड्या केबल कंपनीने घरगुती ग्राहकांवर महिन्याला २५० जीबींची मर्यादा घातली. ग्राहकांना धीर देताना कंपनीने सांगितलं की एवढ्या डेटात साध्या दर्जाचे १२५ सिनेमे येतात. प्रत्येकी दोन जीबीचा हिशेब होता तो. मर्यादा होती, पण ती महिन्याची होती. आठवडाभर काही न बघता शनिवारी-रविवारी चार सिनेमे बघणाऱ्याला तिचा काच नव्हता. टाइम वॉर्नर केबलने मात्र टेक्सासमधल्या बोमाँट गावात २००८ मध्येच वेगळा प्रयोग केला. पॅकनुसार महिन्याला ५ ते ४० जीबी, आणि वर जाल तर जीबीला एक डॉलर. चार जीबींचा एचडी सिनेमा ४.९९ डॉलरला भाड्याने घ्यायचा आणि मर्यादा ओलांडली असेल तर चार डॉलर रस्त्याचे भरायचे. एप्रिल २००९ मध्ये हीच पद्धत रॉचेस्टर, ऑस्टिन वगैरे शहरांत न्यायचा बेत कंपनीने जाहीर केला तेव्हा इतका ओरडा झाला की दोन-तीन आठवड्यांतच तो गुंडाळावा लागला. लोकांचा राग दर किती आहे यापुरता नव्हता. सिनेमा सुरू करताना त्याची किंमत कळत नाही, बिल आल्यावर कळते, हे त्यांना खुपलं.

कॅनडात गोष्ट आणखी पुढे गेली. नेटफ्लिक्स तिथे सप्टेंबर २०१० मध्ये महिना ७.९९ डॉलरला सुरू झालं. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाच्या निर्णयाने छोट्या इंटरनेट कंपन्यांवरही वापरानुसार आकारणी लादली जायची वेळ आली. ज्या ऑन्टेरियोत आज मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, तिथे २०० जीबी देणाऱ्या छोट्या कंपनीला ग्राहकांना २५ जीबींवर आणावं लागेल असं चित्र उभं राहिलं. विरोधातल्या अर्जावर चार लाखांहून अधिक सह्या झाल्या, सरकारने निर्णय फिरवण्याची तंबी दिली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियामकाने बड्या कंपन्यांना घाऊक विक्रीसाठी दोनच वाटा ठेवल्या. एकतर सपाट दर लावा, नाहीतर रस्त्याची रुंदी विका. छोट्या कंपनीने किती क्षमता हवी ते आधी ठरवून तेवढ्याचे पैसे द्यावेत. जीबी मोजणं घाऊक व्यवहारातून गेलं. पण मला यातली दुसरी घटना जास्त बोलकी वाटते. हा वाद चालू असतानाच, मार्च २०११ मध्ये, नेटफ्लिक्सने कॅनडापुरता चित्राचा मूळ दर्जा उतरवला. महिन्याला तीस तास पाहण्याला आधी ३१ जीबी लागायचे, ते ९ वर आणले. ग्राहकाचं बिल वाढलं नाही, त्याचा सिनेमा पातळ झाला.

आपल्याकडे हेच झालं, फक्त कुणी त्याचा गाजावाजा केला नाही. जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने भारतात फक्त मोबाइलसाठी १९९ रुपयांचा पॅक काढला आणि त्यात चित्राचा दर्जा ४८०पी एवढाच ठेवला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा भाव १४९ केला. लहान पडद्यावर तेवढं पुरतं हे खरं. पण दीड जीबीच्या रतिबात दोन तासांहून जरा जास्त बसतं ते याच मापाचं चित्र, हेही तितकंच खरं. विणकर जसा मागाच्या रुंदीइतकंच कापड विणतो, तसा इथे दुकानदार गिऱ्हाइकाच्या रतिबाच्या मापाने सिनेमा देतो. म्हणून भारतात डेटाच्या मर्यादेची किंमत रुपयांत शोधायला गेलं तर ती थोडी दिसते. ती पडद्यावरच्या धूसर चेहऱ्यांत आणि अंधाऱ्या दृश्यांतल्या चौकटी-चौकटींत भरली जाते.

यावर पहिला आक्षेप कंपन्यांचा, आणि तो पोकळ नाही. हवेतल्या लहरी मोजक्याच आहेत. एका टॉवरखाली दोनशे माणसं एकाच वेळी एचडी सिनेमा लावून बसली तर कुणाचाच नीट चालणार नाही. मर्यादा नसेल तर थोड्यांच्या अफाट वापराचा भार बाकीच्यांच्या रिचार्जवर पडेल, आणि फक्त व्हॉट्सअॅप आणि यूपीआय वापरणाऱ्या बाईला सिनेमाबाज शेजाऱ्याचा खर्च उचलावा लागेल. यातलं निष्पक्षतेचं म्हणणं मला मान्य आहे. कमी वापरणाऱ्याला स्वस्त पॅक मिळायलाच हवा. पण टंचाई नेमकी कशाची आहे? टॉवरची अडचण महिन्याच्या एकूण जीबींची नसते, रात्री आठ ते अकराच्या गर्दीची असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळा देश घरी बसला, तेव्हा ओटीटी कंपन्यांनी एकत्र ठरवून मोबाइल नेटवर्कवर एचडी बंद केलं आणि ४८०पीवर आणलं. रस्ता तुंबला की गाड्या बारीक करायच्या, हा खरा उपाय होता, आणि त्यासाठी कुणाचा रतीब कमी करावा लागला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्होडाफोन-आयडियाने काही पॅकमध्ये रात्री बारा ते सकाळी सहा डेटा मोजणंच सोडून दिलं. टंचाई जीबींची असती तर हे परवडलं नसतं. पहाटे तीन वाजता टॉवर रिकामा असतो म्हणून ते परवडतं. त्याच कंपनीने आठवड्यात उरलेला डेटा शनिवारी-रविवारी वापरण्याचीही सोय दिली. म्हणजे डेटाच्या रतिबातही खाडा धरता येतो. तंत्राची काही आडकाठी नाही. रोजचं माप टिकून आहे ते त्यात कंपनीला गर्दीचा अंदाज सोपा जातो म्हणून, आणि न वापरलेला डेटा परत द्यावा लागत नाही म्हणूनही.

दुसरा आक्षेप असा की हा सगळा काथ्याकूट आता जुना झाला. घरात फायबर घ्या, चारशे रुपयांना अनलिमिटेड मिळतं. फोन फाइव्ह-जी असेल तर तिथेही मर्यादा नाही. फायबरबद्दल हे बव्हंशी खरं आहे. जिओफायबरच्या ‘अनलिमिटेड’लाही महिन्याला ३३०० जीबींची मर्यादा आहे, पण पाच जीबींचे सिनेमे धरले तर ते साडेसहाशेच्या वर होतात, रोज एकवीस-बावीस, ज्याला ही मर्यादा नडेल त्याने आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. अडचण आहे ती संख्येची. २०२४ अखेर देशात तारेवरची ब्रॉडबँड जोडणी असलेले ग्राहक साडेचार कोटींच्या आत होते आणि मोबाइलवरून इंटरनेट घेणारे नव्वद कोटींच्या घरात. एका जोडणीवर घरातली चार माणसं धरली तरी बहुसंख्यांचा सिनेमा मोबाइलच्याच वाटेने येतो. फाइव्ह-जीचं म्हणाल, तर जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद फाइव्ह-जी रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकपुरतंच ठेवलं. नवा फोन हवा, गावात फाइव्ह-जी पोचलेलं हवं आणि पॅक मोठा हवा. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत त्याला मर्यादेचा त्रास मुळातच कमी होता.

तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून क्वचितच पुढे येतो. रस्ता ज्याचा, दुकानही त्याचंच असेल तर? कॉमकास्टने मार्च २०१२ मध्ये जाहीर केलं की एक्सबॉक्सवर आपल्याच अॅपमधून पाहिलेला व्हिडिओ २५० जीबींत धरला जाणार नाही, कारण तो आपल्या खासगी जाळ्यातून जातो. नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी एप्रिलमध्ये जाहीरपणे विचारलं की तीच तार, तोच टीव्ही, मग माझा सिनेमा मोजायचा आणि तुमचा का नाही? मे महिन्यात कॉमकास्टने ती मर्यादाच स्थगित केली. भारतात हा प्रश्न ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने बऱ्याच अंशी निकाली काढला. कुठला मजकूर आहे हे पाहून डेटाचा वेगळा दर लावायला बंदी आली. या नियमाचं श्रेय आपण फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना अडवण्यापुरतं मानतो, पण सिनेमाच्या भाड्यालाही तो तितकाच लागू आहे. तो नसता तर रिचार्ज देणाऱ्याच्या दुकानातला सिनेमा रतिबाबाहेर फुकट आला असता आणि आमिर खानच्या शंभर रुपयांवर आणखी अठ्ठावन्न चढले असते. मग कुठल्या दुकानातून सिनेमा घ्यायचा हे निर्मात्याने किंवा प्रेक्षकाने नव्हे, टोलनाक्याने ठरवलं असतं. रिचार्जबरोबर ओटीटीची वर्गणी ‘मोफत’ जोडून द्यायची पळवाट उरली आहेच, पण तिथे निदान डेटा सगळ्यांचा सारखाच मोजला जातो.

आता भाडं की वर्गणी, हा नेहमीचा प्रश्न. वर्गणीवाले म्हणतात, १४९ रुपयांत महिनाभर हवं तेवढं बघा. रतिबावर जगणाऱ्याला ‘हवं तेवढं’ या शब्दांचा अर्थ मोजून सांगता येतो. रोज दीड जीबी म्हणजे मध्यम दर्जाचे दोन तास आणि वर थोडी मिनिटं, तेही फोनवर दुसरं काहीच न करता. रील्स, मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ, बातम्या यांनी निम्मा रतीब खाल्ला की महिन्याला तीस तास उरतात, आणि ते एकेका तासाच्या तुकड्यांत. वर्गणीचा अथांग साठा असा चमच्या-चमच्याने प्यावा लागतो. मालिकांना हे माप मानवतं, रोज एक भाग. सिनेमाला मानवत नाही. म्हणून महिन्याला एखाद-दुसराच सिनेमा बघणाऱ्या मोबाइलवाल्या घराला भाडं जास्त सोयीचं पडतं, असं मला वाटतं, आणि ते शंभर रुपये कमी की जास्त यापेक्षा एका साध्या सोयीमुळे. भाड्याचा सिनेमा फोनच्या अॅपमध्ये आधी उतरवून ठेवता येतो.

बाराला दहा मिनिटं असताना आजच्या रतिबात अर्धा जीबी उरलेला असतो; नाहीतरी तो जाणारच. सिनेमा मध्यम दर्जावर लावून डाउनलोड दाबायचं. बारापर्यंत जेवढा उतरेल तेवढा आजच्या खात्यावर जातो, बारानंतरचा उद्याच्या, आणि त्या वेळी टॉवरही रिकामा असल्याने आठ-दहा मिनिटांत काम होतं. दुसऱ्या दिवशी रतीब तोकडा पडतो, रील्स जरा कमी बघितल्या जातात. सिनेमा मात्र फोनमध्ये पडून राहतो, आणि त्याचं अठ्ठेचाळीस तासांचं घड्याळ कुणी ‘प्ले’ दाबेपर्यंत सुरूच होत नाही.